फिगरवाल्या लाकडाच्या गिटारी आणि परवान्यांचा गुंता : पार्श्वभूमी

फिगरवाल्या (म्हणजे तंतूंच्या लहरी-वळणांची नैसर्गिक नक्षी दिसणाऱ्या), दुर्मीळ लाकडाच्या हातबनावटीच्या गिटारींबद्दल आज जे बोलले जाते, त्यातले बरेचसे २ जानेवारी २०१७ या तारखेपाशी येऊन अडते. त्या दिवसापासून डालबर्जिया या नावाखाली येणारी, म्हणजे रोझवूडच्या गटातली सगळीच झाडे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परवानापद्धतीत आली. आपले शिसव, मध्य अमेरिकेतले कोकोबोलो, आफ्रिकेतले ब्लॅकवूड, सगळी. एकट्याने काम करून वर्षाला मोजक्या गिटारी पुऱ्या करणाऱ्या कारागिराला तेव्हा जो फटका बसला तो समजून घ्यायचा, तर या लाकडाला एवढा भाव आला कसा हे आधी पाहावे लागते.

जुन्या काळावर लांबण लावण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात ब्राझिलियन रोझवूड फर्निचर आणि पियानोंसाठी युरोप-अमेरिकेत येतच होते. गिटारवाल्यांनी ते उचलले. पाठ आणि बाजूंच्या लाकडाला तेव्हा आजच्यासारखे वलय नव्हते. आधुनिक क्लासिकल गिटारीचा साचा ज्याने घालून दिला, त्या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या केल्या आणि त्यावर स्प्रूस लाकडाचा टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी, चढवला. आवाज मुख्यतः टॉपमधून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार अजून जपून ठेवलेली आहे. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाईचे संगीत गाजले आणि त्या लाटेत अमेरिकेतल्या कारखान्यांनी कोआ लाकडाच्या गिटारी काढल्या. लहरी उठून दिसणारे लाकूड सामान्य गिऱ्हाइकाच्या नजरेत प्रथम भरले ते बहुधा याच काळात. कोआ फक्त हवाई बेटांवर उगवते, ही गोष्ट पुढे त्याच्या किमतीत दिसू लागली.

खरी कलाटणी मिळाली साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. ब्राझीलने न कापलेले ओंडके बाहेर पाठवण्यावर बंदी घातली आणि १९६९ मध्ये अमेरिकेतल्या एका जुन्या, नामांकित कारखान्याने आपल्या नेहमीच्या मॉडेलांसाठी भारतीय रोझवूड वापरायला सुरुवात केली. हे शिसव सरळ रेषांचे, जांभळट तपकिरी, एका फळीसारखी दुसरी फळी देणारे. कारखान्याला हवे असते तेच. उलट ब्राझिलियन लाकडाचे चांगले ओंडके मिळेनासे झाले, तसे पूर्वी तोडलेल्या झाडांचे जमिनीत राहिलेले बुंधे खणून काढले जाऊ लागले. बुंध्याच्या लाकडात रेषा वाकडीतिकडी, काळ्या शाईच्या धारांसारखी पसरलेली. दिसायला विलक्षण, पण चिरा पडण्याची भीती जास्त. पूर्वीच्या कारखान्याने जे बाजूला टाकले असते, ते टंचाईने मौल्यवान ठरवले. फिगरच्या आजच्या आकर्षणात सौंदर्यदृष्टीइतकाच या टंचाईचा वाटा आहे, असे माझे ठाम मत आहे. १९९२ मध्ये ब्राझिलियन रोझवूड धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत गेले. त्याचा व्यापार जवळजवळ थांबला आणि बंदीआधीच्या, कागदपत्रे असलेल्या साठ्याची किंमत वाढतच गेली.

फिगरला स्वतंत्र आख्यायिका मिळाली ती मात्र महोगनीच्या एका झाडामुळे. आजच्या बेलीझमधल्या, तेव्हाच्या ब्रिटिश होंडुरासमधल्या चिकीबुल जंगलात १९६५ साली हे प्रचंड झाड तोडले गेले. ते पडले भलत्याच दिशेला, घळीत. बाहेर काढता येईना म्हणून ते तिथेच राहिले. बऱ्याच वर्षांनी लाकडाच्या एका व्यापाऱ्याने त्याचे तुकडे करवून, ओढत आणि नदीतून वाहवत ते गिरणीपर्यंत आणले. आत निघालेली फिगर कासवाच्या पाठीसारखी, उंचवटे आल्याचा भास देणारी होती. या एका झाडाच्या फळ्या आज जगभरच्या कारागिरांकडे विखुरल्या आहेत आणि एका गिटारीपुरता पाठ-बाजूंचा संच हजारो डॉलरला जातो. गिऱ्हाईक ‘महोगनी’ मागत नाही, ‘त्या झाडाची’ गिटार मागते. लाकडाच्या जातीऐवजी एका विशिष्ट झाडाला किंमत येणे हा प्रकार गिटारीच्या जगात नवा होता, आणि पुढे इतर लाकडांचे व्यापारीही ओंडक्यांना नावे देऊन विकू लागले.

अशा लाकडावर काम करणे किती अवघड असते, हे किमतीच्या चर्चेत हरवते. लहरदार फिगर म्हणजे तंतू सरळ न जाता वर-खाली होत गेलेले असतात. रंधा मारला की तंतू उपटून खड्डे पडतात, म्हणून स्क्रेपरने किंवा सँडरने सावकाश उतरवावे लागते. बाजूची पट्टी जेमतेम दोन मिलिमीटरची. ती तापल्या नळीवर कमरेच्या जागी वाकवताना लहरीच्या माथ्यावरच कडकन तुटते. जास्त पाणी लावले तर पृष्ठभाग सुरकुततो, कमी उष्णता दिली तर वाकत नाही. बाहेरून पातळ पोलादी पट्टीचा आधार देऊन, पाणी बेताचे आणि उष्णता भरपूर ठेवून काम साधतात. कोकोबोलोसारखे लाकूड तेलकट असते, त्यामुळे सांधा चिकटवण्याआधी सॉल्व्हंटने पुसावे लागते, आणि त्याच्या भुशाने अनेकांना अंगावर पुरळ उठते. काहींना तर हे लाकूड कायमचे सोडावे लागते.

क्विल्टेड, म्हणजे गोधडीसारखे उंचवटे भासवणाऱ्या फिगरमध्ये आणखी एक पेच आहे. ती फळी आडवी, म्हणजे फ्लॅट-सॉन कापली तरच नीट दिसते, आणि अशी फळी दमट-कोरड्या हवेत क्वार्टर-सॉन, म्हणजे ओंडक्याच्या गाभ्याकडून सालीच्या दिशेने कापलेल्या फळीपेक्षा बरीच जास्त फुगते-आक्रसते. कित्येक लाकडांत हा फरक दुपटीच्या आसपास जातो. महोगनीत तो मुळातच कमी. घळीतल्या त्या झाडाच्या फळ्या गिटारीत टिकल्या, याचे एक कारण हे आहे. इतर लाकडांत तेवढी सवलत मिळत नाही आणि काही वर्षांनी पाठीवर चीर दिसली की दोष कारागिराच्या माथी येतो.

आता मूळ मुद्दा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली आणि तीत डालबर्जियाच्या, आधीच परिशिष्ट १ मध्ये असलेले ब्राझिलियन रोझवूड सोडून, सर्व जाती परिशिष्ट २ मध्ये टाकल्या गेल्या. सोबत बुबिंगा या आफ्रिकी लाकडाच्या तीन जाती. परिशिष्ट २ म्हणजे बंदी नव्हे. पण सीमा ओलांडताना प्रत्येक वेळी परवाना लागतो. कारण रास्त होते. चीनमधल्या पारंपरिक शैलीच्या लाल लाकडी फर्निचरसाठी आग्नेय आशिया, आफ्रिका आणि मादागास्करची जंगले रिकामी होत होती. एका जातीवर नियंत्रण आणले की तोडणारे शेजारच्या जातीकडे वळत. कापलेल्या फळीवरून जात ओळखणे बंदरावरच्या अधिकाऱ्याला जवळपास अशक्य. मग सगळीच यादीत घाला, हा युक्तिवाद मला आजही पटतो.

न पटणारा भाग यादीचा नाही, तिच्या तळटीपेचा आहे. अशा यादीत नेमके काय नियंत्रणाखाली येते, हे तळटीप ठरवते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून परिशिष्ट २ मध्ये आहे, पण तिथे नियंत्रण फक्त ओंडके, कापीव लाकूड, व्हेनिअर आणि प्लायवूडवर आले. महोगनीची तयार गिटार मोकळी राहिली. २०१३ मध्ये कोकोबोलो यादीत आले तेव्हाही हीच पद्धत होती. २०१७ ची तळटीप मात्र उलट लिहिली गेली. पाने, फुले, बिया आणि अव्यापारी, एका खेपेला दहा किलोपर्यंतची ने-आण एवढे वगळून बाकी सगळे नियंत्रणात. फर्निचर ‘तयार वस्तू’ म्हणून निसटू नये यासाठी हे केले, आणि त्या जाळ्यात गिटार, क्लॅरिनेट, ओबो सारे अडकले.

परिणाम काय झाला? स्वतःची गिटार घेऊन प्रवास करणारा वादक दहा किलोच्या सवलतीत बसला. पण विकलेली गिटार परदेशी पाठवायची, तर आधी निर्यातीचे कागद हवे. ते मिळायला काही देशांत काही आठवडे, काहींत कित्येक महिने. ज्या गिटारीत रोझवूडचा फक्त ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) किंवा फिंगरबोर्ड (तारा बोटांनी दाबायची पट्टी) आहे, तिलाही तोच नियम. मोठ्या कारखान्यांनी कागदपत्रांसाठी माणसे नेमली, स्वस्त मॉडेलांचे फिंगरबोर्ड दुसऱ्या लाकडाचे केले. एकट्या कारागिराकडे यातले काहीच नव्हते. त्याच्या कपाटात वीस-वीस वर्षे सुकत ठेवलेल्या फळ्या होत्या, ज्यांची पावती एखाद्या मृत व्यापाऱ्याच्या हस्ताक्षरातली, किंवा नव्हतीच. हे लाकूड यादीत येण्याआधीचे आहे, हे सिद्ध करायचे कसे?

या भीतीला अमेरिकेतला ताजा अनुभव कारणीभूत होता. बेकायदा तोडलेल्या लाकडाचा व्यापार हा गुन्हा ठरवणारी दुरुस्ती तिथल्या एका जुन्या कायद्यात २००८ मध्ये झाली. त्यानंतर २००९ आणि २०११ मध्ये एका प्रसिद्ध गिटार कारखान्यावर छापे पडले. पहिल्याचा संबंध मादागास्करच्या एबनी या काळ्या लाकडाशी होता, दुसऱ्याचा भारतातून आलेल्या फिंगरबोर्डांशी. जाड पट्टी हे ‘कापीव लाकूड’ की ‘फिंगरबोर्ड’, यावर भारतीय निर्यातनियमाचा अर्थ अवलंबून होता. २०१२ मध्ये तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड झाली. भारतीय मालाबाबतचा प्रश्न अस्पष्ट राहिल्याचे त्या तडजोडीतच मान्य केले गेले. कारखाना ते सोसून उभा राहिला. एकट्या माणसाचे दुकान अशा एका छाप्याने बंद झाले असते.

वाद्यनिर्माते, वाद्यवृंद आणि वादकांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत तळटीप बदलली. त्याच वर्षीच्या २६ नोव्हेंबरपासून तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि साहित्य यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूड या सुटीत नाही. ते अजूनही परिशिष्ट १ मध्येच आहे.

ही सूट कारागिरांचा विजय म्हणून सांगितली जाते. अर्धीच बाजू खरी आहे. तयार गिटार मोकळी झाली, पण कोरा पाठ-बाजूंचा संच ‘तयार भाग’ नाही, तो लाकूडच. तयार भाग म्हणजे वाद्यावर बसवण्यासाठीच घडवलेला, बसवण्याच्या स्थितीतला. कारखाना कंटेनरभर लाकडासाठी एक परवाना काढतो आणि तो खर्च हजारो गिटारींवर वाटला जातो. कारागिराला परदेशातल्या गिरणीतून फिगर पाहून, निवडून दोन संच मागवायचे असतात, आणि त्या दोन संचांनाही परवाना लागतोच. फिगरवाले लाकूड असे एकेक पाहूनच घेतले जाते, घाऊक नाही. म्हणजे सर्वांत कमी लाकूड वापरणाऱ्यावर दर गिटारीमागे सर्वांत जास्त ओझे पडते. लहान प्रमाणातल्या कोऱ्या संचांसाठी वेगळी तरतूद तेव्हाच करायला हवी होती.

मधल्या काळात चर्चा दुसरीकडूनही हलली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी करवून घेतल्या. सगळे सारखे, फक्त पाठ आणि बाजूंचे लाकूड वेगळे. त्यात ब्राझिलियन रोझवूडही होते आणि साधे वॉलनटही. ५२ वादकांनी लाकूड दिसणार नाही अशा व्यवस्थेत त्या वाजवल्या, आणि सहाही गिटारींना दिलेले गुण जवळजवळ सारखे आले. महाग लाकूड वरचढ ठरले नाही. १८६२ च्या पुठ्ठ्याच्या गिटारीला मिळालेली ही आधुनिक साथ म्हणता येईल. फिगरवाल्या लाकडाची गिटार करू नये, असे मात्र यातून निघत नाही. डोळ्यांना सुख देणे हेही वाद्य घडवण्याचा भाग आहे. तेवढे प्रामाणिकपणे सांगून विकावे.

एबनीच्या बाबतीत फिगरचे गणित उलट्या दिशेने चालले. कॅमेरूनमधली गिरणी चालवायला घेतलेल्या एका अमेरिकी गिटार कंपनीच्या लक्षात आले, की पूर्ण काळे लाकूड न निघालेली झाडे तोडून जंगलातच टाकून दिली जात आहेत. २०१२ पासून तिने तपकिरी पट्ट्यांचे एबनी फिंगरबोर्डवर आणले. इथे फिगर स्वीकारल्याने झाडे वाचतात. वॉशिंग्टन राज्यातल्या राष्ट्रीय जंगलात नेमके याच्या विरुद्ध झाले: चोर मेपलची साल सोलून आत फिगर आहे का ते पाहत, असली तर झाड तोडत. त्या चोरीचा माल घेणाऱ्यांवरच्या खटल्यात बुंध्याचा आणि फळीचा डीएनए जुळवून पुरावा दिला गेला.

नोव्हेंबर २०२२ च्या पनामा परिषदेत आफ्रिकेतली महोगनी आणि पडाउक हे तांबडे लाकूडही परिशिष्ट २ मध्ये आली. रोझवूडला पर्याय म्हणून अनेक कारागीर याच लाकडांकडे वळले होते. आता त्यांच्याही फळ्यांना खरेदीची तारीख आणि मूळ देश लिहून ठेवावा लागतो.