लेटरहेड वर की मजकूर वर? पीडीएफ ओव्हरलेची पार्श्वभूमी

कोड चालतो, एरर येत नाही, फाइलचा आकारही वाढलेला दिसतो. आणि पीडीएफ उघडावी तर लेटरहेड कुठेच नाही. बिलांवर किंवा दाखल्यांवर प्रोग्रामने लेटरहेड चढवणाऱ्यांना हा झटका कधी ना कधी बसतोच. लेटरहेड असते तिथेच, पण मजकुराच्या पानाखाली झाकले गेलेले. एका पानावर दुसरे चढवण्याला म्हणतात ‘ओव्हरले’, पण हा शब्द अशा काळातला आहे, जेव्हा कोण वर आणि कोण खाली याला काही अर्थच नव्हता.

आधी बिलांच्या कोऱ्या चौकटी छापखान्यातून छापून यायच्या. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेल्या त्या कागदावर लाइन प्रिंटर फक्त नावे आणि आकडे मारायचा. बिलाचा नमुना बदलला की जुने गठ्ठे रद्दीत. १९७५ साली जाहीर झालेल्या एका अवाढव्य लेझर प्रिंटरने यावर तोड काढली. फॉर्मची निगेटिव्ह फिल्म मशीनमध्ये बसवायची, तिच्यातून ड्रमवर प्रकाशाचा झोत मारायचा आणि त्याच ड्रमवर लेझरने मजकूर उमटवायचा. पुढे टेबलावरच्या लेझर प्रिंटरमध्ये फिल्मची जागा मेमरीतल्या मॅक्रोने, म्हणजे साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या संचाने घेतली. मॅक्रो ओव्हरले चालू ठेवला की पान बाहेर पडायच्या अगदी आधी तो आपोआप चालायचा. काळ्यावर काळे पडले तरी काळेच राहायचे, त्यामुळे क्रमाची कुणाला फिकीर नव्हती.

१९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आली आणि १९९३ मध्ये पीडीएफ. दोन्हींचा हिशोब भिंत रंगवणाऱ्याचा: नंतरचा हात आधीचा झाकतो. आणि इथे पांढरा हासुद्धा रंगच. ज्या सॉफ्टवेअरने मजकुराआधी पानभर पांढरा आयत रंगवला असेल, त्याच्या पानाखाली काहीही ठेवा, दिसणार नाही. स्कॅन केलेले पान तर अख्खे एकच चित्र.

खाली ठेवायचे की वर, हा वाद इथून सुरू होतो. लेटरहेड खाली हवे, असे म्हणणाऱ्यांचे मला पटते, कारण कागदावरही ते आधीच छापलेले असायचे आणि मजकूर नंतर पडायचा. फिक्या बोधचिन्हाने रक्कम झाकली गेली तर बिल कसले? दुसरा पक्ष म्हणतो, समोर येणाऱ्या फाइली आपल्या हातच्या नसतात, तेव्हा वरून शिक्का मारणेच खात्रीचे. पीडीएफटीके या कमांडलाइन साधनाने २००० च्या दशकात वाद न मिटवता दोन आज्ञा दिल्या, बॅकग्राउंड आणि स्टॅम्प. मूळ पान पारदर्शक नसेल, उदाहरणार्थ स्कॅन असेल, तर बॅकग्राउंड दिसणार नाही, स्टॅम्प वापरा, असे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिले आहे. आयटेक्स्ट या पीडीएफ बनवायच्या लायब्ररीतही (तयार कोडच्या संचात) वरचा आणि खालचा थर वेगवेगळा मागता येतो.

तिसरी वाट २००१ साली पीडीएफ १.४ मध्ये पारदर्शकतेसोबत आली. ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने रंग मिसळले तर वरच्या थरातले पांढरे खालचे काही लपवत नाही. १९७५ च्या मशीनला आपोआप जमणारी गोष्ट आता स्पष्ट शब्दांत मागावी लागते. शिवाय २००५ च्या पहिल्या पीडीएफ/ए या दीर्घकाळ जतनाच्या मानकात पारदर्शकतेला मनाई होती, त्यामुळे अभिलेखागारासाठी फाइली बनवणाऱ्यांना ही वाट कित्येक वर्षे बंदच होती.

अशा कोडच्या लायब्ऱ्यांनी शब्दांचा आणखी गुंता केला. पीडीएफच्या भाषेत पुन्हापुन्हा वापरायच्या चित्राला ‘फॉर्म एक्सऑब्जेक्ट’ म्हणतात. भरायच्या फॉर्मशी त्याचा काही संबंध नाही. काही लायब्ऱ्या त्यालाच ‘टेम्प्लेट’ म्हणतात. त्याचा फायदा मात्र मोठा आहे, कारण त्याचे फॉन्ट त्याच्याजवळच राहतात. दोन पानांचा मजकूर नुसता एकामागे एक जोडला आणि दोन्हीकडे ‘एफ१’ नावाचे वेगवेगळे फॉन्ट निघाले, तर लेटरहेडवरचे देवनागरी नाव इंग्रजी फॉन्टात जाऊन कचरा होते. उलटे दिसणारे लेटरहेड हा याचाच भाऊ: मूळ पानाने सुरुवातीलाच उभा अक्ष उलटवलेला असतो आणि तो सरळ न करता कोड पुढे लिहीत जातो.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्यांची गंमत वेगळी. तिथली पाने एकत्र करणारी ‘मर्जपेज’ आज्ञा दिलेले पान वरच ठेवायची, म्हणून लोक उलटे करायचे: लेटरहेडचे पान घ्यायचे आणि त्यावर मजकूर चढवायचा. एका पानापुरते छान चालते. लूपमध्ये, म्हणजे तेच काम एकेका बिलासाठी पुन्हापुन्हा करताना, मात्र तेच लेटरहेड दर फेरीला बदलत जाते, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलाखालून पहिल्याची रक्कम डोकावते. आता थर वर की खाली हे सांगायची सोय त्यात झाली आहे.

दरम्यान पीडीएफटीकेचे पायच निसटले. ते ज्या कंपायलरवर (कोडचे चालणाऱ्या प्रोग्रामात रूपांतर करणाऱ्या साधनावर) उभे होते, त्यातला जावा भाषेचा भाग २०१७ च्या आवृत्तीतून काढून टाकला गेला आणि काही लिनक्स वितरणांतून ते गायब झाले. नंतर त्याचा जावातला अवतार आला. आयटेक्स्टने २००९ अखेरीस परवाना कडक केल्यावर अनेकांनी आधीच पर्याय शोधायला घेतले होते. २०१९ मध्ये क्यूपीडीएफ या दुसऱ्या कमांडलाइन साधनात ‘ओव्हरले’ आणि ‘अंडरले’ असे दोन स्वतंत्र पर्याय आले. ‘अंडरले’ हा शब्द तिथे हक्काने वापरलेला पाहून बरे वाटले.

आता नवा क्रम सांभाळावा लागतो, तो डिजिटल स्वाक्षरीचा. स्वाक्षरी फाइलच्या बाइट्सवर असते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घेऊन त्यावर कोडने संस्थेचे लेटरहेड चढवले आणि फाइल नव्याने लिहिली, की स्वाक्षरीची पडताळणी फसते, मग थर वर असो वा खाली. लेटरहेड आधी, सही नंतर.