एकच शब्द, दोन खुर्च्या: पुण्याचे पोलीस कमिशनर आणि इंग्लंडचे 'पोलीस अँड क्राइम कमिशनर'

२ मे २०२४ ला मी लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाऊमधल्या मतदान केंद्राकडे निघालो, तेव्हा पुण्याहून आलेली आत्या सोबत होती. तिला स्वतःला १३ मेच्या लोकसभेच्या मतदानाआधी घरी पोचायचं होतं, त्यामुळे मतदान हा विषय डोक्यात होताच. वाटेत तिने विचारलं, "तुमचं कसलं मतदान?"

"कमिशनरचं," मी म्हणालो.

ती थांबलीच. "पोलीस कमिशनरला लोक निवडून देतात? मग उद्या मतदाराने गुन्हा केला तर तो त्याला पकडेल का?"

प्रश्न अगदी रास्त होता. इंग्लंडमध्ये बरीच वर्षं राहिलेल्या माझ्या कितीतरी मराठी मित्रांचाही हाच गोंधळ आहे. 'कमिशनर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाकी गणवेश येतो. खांद्यावर अशोकस्तंभ, पुढे लाल-निळ्या दिव्याची गाडी, गणेशोत्सवाआधी मंडळांच्या कार्यकर्त्यांची बैठक घेणारे साहेब. इंग्लंडमधल्या 'पोलीस अँड क्राइम कमिशनर'चा यातल्या कशाशीच संबंध नाही. तो पोलीस नसतो. नोकरीत असलेल्या पोलिसाला ही निवडणूक लढवताच येत नाही. तो कुणाला अटक करू शकत नाही आणि तपास अधिकाऱ्याला 'याला सोड, त्याला धर' असं सांगू शकत नाही.

मी आत्याला सांगितलं ते असं: आपले कमिशनर ज्यांना जाब विचारायचा ते, आणि इथला कमिशनर जाब विचारणारा. टेबल एकच, पण खुर्च्या समोरासमोरच्या.

पुण्याच्या आयुक्तांचा इंग्लंडमधला खरा जोडीदार म्हणजे चीफ कॉन्स्टेबल. आमच्या भागातलं दल थेम्स व्हॅली पोलीस. बर्कशर, बकिंगहॅमशर आणि ऑक्सफर्डशर हे तीन परगणे त्यांच्याकडे. त्या दलाचा गणवेशधारी प्रमुख चीफ कॉन्स्टेबल. गस्त कुठे वाढवायची, छापा कधी टाकायचा, कुणाविरुद्ध तपास करायचा, हे सगळं त्याचं. गोंधळात भर घालणारी एक गोष्ट लंडनमध्ये आहे. तिथल्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या प्रमुखालाही 'कमिशनर'च म्हणतात, आणि तो मात्र आपल्या मुंबईच्या आयुक्तांसारखा खराखुरा पोलीस अधिकारी असतो. लंडनमध्ये निवडून दिलेला पोलीस कमिशनर नाही. ते काम महापौराच्या कार्यालयाकडे आहे. म्हणजे लंडनमधल्या हाउन्सलोला राहणारा आणि लंडनबाहेरच्या स्लाऊला राहणारा, दोघेही 'कमिशनर' म्हणतात, पण दोघांच्या मनातली माणसं वेगळी.

आता पुण्याची खुर्ची. पुण्याचं आयुक्तालय १९६५ चं. पिंपरी-चिंचवड २०१८ मध्ये त्यातून वेगळं झालं. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं, पुण्यात साधारण अपर पोलीस महासंचालक दर्जाचा आयपीएस अधिकारी येतो. ग्रामीण जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्यात अधिकार वाटलेले असतात. शहरात आयुक्तालय आलं की त्यातले बरेचसे दंडाधिकाऱ्याचे अधिकार थेट आयुक्तांकडे येतात. जमावबंदीचा आदेश, मिरवणुकीची परवानगी, शस्त्र परवाना, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची तडीपारी, हे सगळं एकाच कार्यालयातून निघतं. इंग्लंडच्या चीफ कॉन्स्टेबलकडेही इतकं नसतं. म्हणून हा नुसता नावाचा गोंधळ नाही. ज्या अधिकाऱ्याच्या हातात इतकं आहे, त्याच्यासमोर शहरातलं कोण बसतं, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

पुण्यात महापौर बसत नाही. पोलीस हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा विषय, त्यामुळे महापालिकेला त्यात स्थान नाही. मिळकतकराचं बिल काढून बघा: सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, शिक्षण उपकर असं सगळं दिसेल. पोलिसांची ओळ सापडणार नाही. पैसा गृह विभागाकडून येतो आणि जाबही तिथेच दिला जातो. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना गाड्या किंवा सीसीटीव्ही देतात, पण ती मदत झाली, देखरेख नव्हे.

स्लाऊमध्ये मार्चमध्ये कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या स्थानिक घरपट्टीचं, बिल येतं, त्यात पोलिसांची ओळ वेगळी छापलेली असते. ती रक्कम चीफ कॉन्स्टेबल ठरवत नाही, निवडून आलेला कमिशनर ठरवतो. २०२५-२६ साठी सरकारने 'बँड डी' (करासाठी मधल्या किमतीच्या गटातल्या) घरामागे वर्षाला १४ पौंडांपर्यंत वाढीची मुभा दिली होती. दलाचा उरलेला खर्च मुख्यतः सरकारी अनुदानातून चालतो. मला ही ओळ फार मोलाची वाटते. पैसे वेगळे दिसले की माणूस विचारतो, यातून माझ्या गल्लीला काय मिळालं?

कमिशनरचं दुसरं मोठं काम म्हणजे 'पोलीस अँड क्राइम प्लॅन'. पुढच्या काही वर्षांत दलाने कशाला आधी हात घालायचा, याचा हा लेखी आराखडा. उदाहरण आपल्याच घरातलं घेऊ. दिवाळीच्या सुमारास भारतीय घरांमधून सोनं चोरीला जाणं ही इथली जुनी डोकेदुखी आहे. पोलीस स्वतः दर वर्षी सावध करतात. तुमच्या घरात चोरी झाली तर पोलिसांना फोन करायचा, आणि तपास ढिला वाटला तर तक्रार पोलीस दलाकडे. पण 'घरफोडीचा गुन्हा नोंदवून नुसता क्रमांक हातात देतात, कुणी येतच नाही' ही पूर्ण भागाची तक्रार असेल, तर ती कमिशनरकडे न्यायची. घरफोडीला आराखड्यात वरचं स्थान द्या, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. एका केसमध्ये त्याने ढवळाढवळ करायची नाही, आणि सगळ्या केसेस कशा हाताळल्या जातात याकडे डोळेझाक करायची नाही, अशी ही रेष.

तिसरा अधिकार सर्वांत धारदार: चीफ कॉन्स्टेबलला नेमणं आणि गरज पडल्यास घरी पाठवणं.

ही पद्धत फार जुनी नाही. १९६४ च्या कायद्यापासून स्थानिक देखरेख 'पोलीस अथॉरिटी' नावाच्या मंडळांकडे होती. नंतरच्या काळात त्यात बहुतेक ठिकाणी १७ सभासद असत, नगरसेवक आणि स्वतंत्र सदस्य मिळून. लोकांना त्यांची नावंही माहीत नसत. २०११ च्या कायद्याने ती मंडळं गेली आणि त्यांच्या जागी एक निवडून आलेला माणूस आला. पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ ला झाली, लंडन वगळून इंग्लंड आणि वेल्सच्या ४१ भागांत. मतदान झालं जेमतेम १५ टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका केंद्रावर दिवसभरात एकही मत पडलं नाही.

उमेदवारीची अट मात्र कडक. तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात कधीही दोषी ठरलेला माणूस, प्रत्यक्ष तुरुंगात गेला नसला तरी, अपात्र. २०२१ मध्ये विल्टशरमध्ये सर्वाधिक मतं मिळालेल्या उमेदवाराची दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी शिक्षा बाहेर आली. त्याला पद घेता आलं नाही आणि निवडणूक पुन्हा घ्यावी लागली.

या व्यवस्थेची ताकद आणि दुखणं, दोन्ही एकाच भागात दिसली. साउथ यॉर्कशर. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲलेक्सिस जे यांचा तिथल्या रॉदरहॅम शहरावरचा चौकशी अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात किमान १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा त्यांचा जपून केलेला अंदाज होता. त्या वेळचे कमिशनर शॉन राइट २००५ ते २०१० मध्ये त्याच रॉदरहॅम कौन्सिलमध्ये बालसेवांचे प्रमुख नगरसेवक होते. पंतप्रधान, गृहमंत्री, खुद्द त्यांचा पक्ष, सगळे म्हणाले राजीनामा द्या. ते पक्ष सोडून अपक्ष झाले, पण खुर्ची सोडेनात. आणि त्यांना काढायचा अधिकार कुणाकडेच नव्हता! नगरसेवकांच्या देखरेख पॅनेलने अविश्वास व्यक्त केला, तरी तो कायद्याने बंधनकारक नव्हता. शेवटी १६ सप्टेंबरला त्यांनी स्वतःच पद सोडलं. ज्या मुलांचं ऐकायला वर्षानुवर्षं कुणी तयार नव्हतं, त्यांच्या शहराला हे तीन आठवडे पाहावे लागले. जाब विचारणाऱ्याला जाब विचारायची सोयच कायद्यात केलेली नव्हती, आणि हा दोष मला फार गंभीर वाटतो.

त्यांच्या जागी ॲलन बिलिंग्ज निवडून आले. एप्रिल २०१६ मध्ये हिल्सबरो दुर्घटनेच्या (१९८९ मध्ये शेफील्डच्या फुटबॉल मैदानावर झालेल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीच्या) चौकशीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी चीफ कॉन्स्टेबल डेव्हिड क्रॉम्प्टन यांना निलंबित केलं. पुढच्या वर्षी हायकोर्टाने ती कारवाई बेकायदा ठरवली. म्हणजे काढण्याचा अधिकार आहे, पण मनमानी चालत नाही. कारण द्यावं लागतं आणि ते कोर्टात टिकावं लागतं.

वर ज्या पॅनेलचा उल्लेख केला, त्याचीही कमिशनरशी गल्लत होते. पॅनेलमध्ये भागातल्या प्रत्येक कौन्सिलचा प्रतिनिधी आणि काही स्वतंत्र सदस्य असतात. ते पोलिसांवर नव्हे, कमिशनरवर लक्ष ठेवतात. करवाढ किंवा चीफ कॉन्स्टेबलची नेमणूक ते दोन तृतीयांश मतांनी अडवू शकतात. आराखड्यावर फक्त मत देऊ शकतात. तरी त्यांच्या शब्दाला अगदीच वजन नाही असंही नाही: ऑक्टोबर २०२१ मध्ये लंडनमध्ये एका पोलिसानेच पळवून नेऊन मारलेल्या सारा एव्हरार्ड या तरुणीच्या खुनाबद्दल नॉर्थ यॉर्कशरचे कमिशनर बेजबाबदार बोलले, पॅनेलने एकमताने अविश्वास दाखवला आणि त्यांनी राजीनामा दिला.

मुंबईत आयुक्त कसे जातात ते आठवून पाहा. सप्टेंबर २०१५ मध्ये शीना बोरा प्रकरणाचा तपास ऐन भरात असताना राकेश मारिया यांना मुदतीआधी बढती देऊन होमगार्डला पाठवलं गेलं. निर्णय बरोबर की चूक, हा वाद इथे नको. पण मुंबईकरांच्या कुठल्याही स्थानिक सभागृहापुढे त्याचं कारण मांडायची गरज सरकारला नव्हती.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र नाही. पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियम बदलला. राज्य सुरक्षा आयोग आला, पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, राज्य पातळीवर आणि विभागीय पातळीवर. पण आयोगाचे अध्यक्ष गृहमंत्रीच, आणि प्राधिकरणाकडे जायचं ते पोलिसांकडून अन्याय झाल्यावर. 'आमच्या उपनगरात आधी सोनसाखळी चोर पकडा की आधी वाहतूक सुधारा' हे ठरवताना रहिवाशाला जागा देणारं यातलं काहीच नाही.

ती जागा काही अधिकाऱ्यांनी स्वतःहून करून दिली होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दंगलींसाठी ओळखली जाणारी भिवंडी १९९२-९३ मध्ये, शेजारची मुंबई जळत असताना, शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही आयुक्त सतीश सहानी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी ते काम उचललं. त्या समित्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या कायद्याने बांधलेल्या नव्हत्या. साहेब उत्साही तर समिती जिवंत, साहेबांची बदली झाली की बैठकीचं निमंत्रण बंद.

इंग्लंडमधला प्रयोगही आता संपत आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की मे २०२८ मध्ये मुदत संपली की हे पदच राहणार नाही. जिथे विभागाचा महापौर आहे तिथे काम त्याच्याकडे जाईल, मँचेस्टर आणि वेस्ट यॉर्कशरमध्ये ते आधीच गेलं आहे. बाकी ठिकाणी कौन्सिलच्या प्रमुखांकडे. तोवर भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून आपल्याला या स्थानिक निवडणुकांत मत आहे, फक्त नाव यादीत हवं. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून तोच पासपोर्ट चालतो. पद जाईल, पण ज्या नगरसेवकांकडे काम जाणार त्यांनाही आपणच मत देणार आहोत.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. तिच्या सोसायटीबाहेर संध्याकाळी दोन बायकांची मंगळसूत्रं ओढली. रस्त्यावरचे दिवे बंद असतात आणि गस्त दिसत नाही. "आमच्याकडे हे कुणाला सांगायचं?" मी सांगितलं, आधी ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना, मग उपायुक्तांना, मग आयुक्तांना.

"आणि त्यांच्यावर?"

"मंत्रालयात गृह विभाग."

"मधे गावातलं कुणीच नाही? नगरसेवक?"

"ते पत्र देऊ शकतात."

"पत्र तर मीही देऊ शकते," आत्या म्हणाली, आणि तिने खरंच बसून एक लिहिलं.