कोड साइनिंग आणि स्वयंचलित बिल्ड (मोबाइल अ‍ॅप)

मोबाइल अ‍ॅप फोनवर बसवण्यापूर्वी त्यावर अ‍ॅप बनवणाऱ्याची डिजिटल सही असावी लागते. ही सही करण्याच्या प्रक्रियेला कोड साइनिंग म्हणतात. लिहिलेल्या कोडपासून अ‍ॅपची फाइल तयार करणे, चाचण्या घेणे, सही करणे आणि ती फाइल स्टोअरकडे धाडणे ही कामे माणसाऐवजी सर्व्हरने केली, की तो स्वयंचलित बिल्ड. सही करायला गुप्त किल्ली लागते आणि सर्व्हरने सही करायची तर ती किल्ली त्याच्या हाती सोपवावी लागते. या विषयातल्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

अ‍ॅपच्या फाइलवरून गणिताने एक लहानसा ठसा (हॅश) काढतात आणि तो प्रायव्हेट कीने, म्हणजे वरच्या गुप्त किल्लीने, बांधतात. जोडीची पब्लिक की (सही तपासायची उघड किल्ली) सर्टिफिकेटमधून (किल्ली कोणाची हे सांगणाऱ्या फाइलमधून) अ‍ॅपसोबतच जाते. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी फोनने काढलेला ठसा सहीशी जुळत नाही. सहीचा अर्थ एवढाच, की अ‍ॅप त्या किल्लीवाल्याकडून आले आहे आणि वाटेत बदललेले नाही. अ‍ॅप निर्धोक आहे अशी हमी सही देत नाही.

प्राप्तिकर विवरणपत्रासाठी वापरले जाणारे डीएससी टोकन (डिजिटल सहीचे यूएसबी उपकरण) आपल्याकडे परवानाधारक संस्था ओळख तपासून देते. अँड्रॉइडमध्ये असा कोणी मधला साक्षीदार नसतो. डेव्हलपर स्वतःच किल्ली आणि सर्टिफिकेट तयार करून कीस्टोअर फाइलमध्ये ठेवतो. गूगल प्लेची अट मुदतीची आहे: सर्टिफिकेट 22 ऑक्टोबर 2033 नंतरही वैध असले पाहिजे. अपडेट स्वीकारताना फोन नव्या फाइलवरची सही जुन्या सहीशी ताडून पाहतो. त्यामुळे पूर्वी कीस्टोअर हरवले किंवा पासवर्ड विसरला, की त्या अ‍ॅपचे अपडेट कायमचे बंद होई. नव्या पॅकेज नावाने (प्रत्येक अ‍ॅपच्या वेगळ्या ओळखनावाने) शून्यापासून सुरुवात करावी लागे आणि जुने वापरकर्ते मागेच राहत. 2017 मध्ये आलेल्या ‘प्ले अ‍ॅप साइनिंग’ने हा धोका कमी केला. अंतिम सहीची किल्ली गूगल सांभाळते. डेव्हलपरकडे फक्त अपलोड की (गूगलकडे फाइल धाडताना सही करायची किल्ली) राहते आणि ती हरवल्यास बदलून मिळते. ऑगस्ट 2021 पासून प्लेवरच्या नव्या अ‍ॅपना हीच पद्धत लागू आहे. सोय मोठी आहे, पण वापरकर्त्याच्या फोनवर पोहोचणारी सही आता डेव्हलपरच्या हातात नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

सही करण्याची रीतही बदलत गेली. पहिल्या पद्धतीत एपीकेमधल्या (अँड्रॉइड अ‍ॅपच्या फाइलमधल्या) एकेका फाइलवर सही होई, संपूर्ण एपीकेवर नव्हे. डिसेंबर 2017 मध्ये उघड झालेल्या ‘जानस’ त्रुटीने नेमकी हीच फट दाखवली. एपीकेच्या सुरुवातीला परका कोड चिकटवला तरी जुनी सही वैध ठरत होती. अँड्रॉइड 7.0 सोबत आलेली दुसरी पद्धत संपूर्ण फाइल सहीखाली आणते, तर अँड्रॉइड 9 मधली तिसरी पद्धत किल्ली बदलण्याची मुभा देते.

आयओएसमध्ये सर्टिफिकेट अ‍ॅपलच देते. डेव्हलपर प्रोग्रॅमची वार्षिक फी 99 डॉलर आहे. सर्टिफिकेटसोबत प्रोव्हिजनिंग प्रोफाइल लागते. कोणते अ‍ॅप, कोणाच्या सहीने, कोणत्या सुविधा वापरत आणि चाचणीचे असेल तर कोणकोणत्या फोनवर चालेल, हे सारे त्यात नोंदलेले असते. चाचणीसाठी वर्षाला 100 आयफोनच नोंदवता येतात. दिलेला अधिकार अ‍ॅपल काढूनही घेऊ शकते. जानेवारी 2019 मध्ये तिने फेसबुकचे एंटरप्राइज सर्टिफिकेट (कंपनीने स्टोअरबाहेर कर्मचाऱ्यांना अ‍ॅप देण्यासाठीचे) रद्द केले, तेव्हा त्या कंपनीची कर्मचाऱ्यांसाठीची अंतर्गत आयओएस अ‍ॅप बंद पडली.

बिल्ड सर्व्हरवर आयओएसची सही हा सर्वांत कटकटीचा भाग. बिल्डसाठी मॅकओएस असलेले यंत्र लागते. प्रायव्हेट की कीचेनमध्ये (मॅकओएसच्या गुपिते ठेवायच्या पेटीत) असते आणि ती वापरण्यापूर्वी कीचेन परवानगीची खिडकी उघडते. सर्व्हरसमोर ‘अलाउ’ दाबायला कोणीच नसल्याने बिल्ड तसाच ताटकळतो. म्हणून प्रत्येक बिल्डसाठी तात्पुरती कीचेन तयार करून, सही करणाऱ्या साधनाला आधीच परवानगी देऊन, काम झाल्यावर ती पुसून टाकतात. 2014 मध्ये फेलिक्स क्राउझे यांनी सुरू केलेल्या फास्टलेन या साधनसंचामुळे हे काम पुष्कळ सुसह्य झाले. त्यातले ‘मॅच’ हे साधन टीमची सर्टिफिकेटे आणि प्रोफाइले एन्क्रिप्ट करून एका गिट रेपॉझिटरीत (फाइलींच्या सर्व आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) ठेवते, म्हणजे प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वेगळे सर्टिफिकेट आणि वेगळा घोळ राहत नाही.

अँड्रॉइडचे कीस्टोअर बहुधा बेस64 या साध्या अक्षरांच्या मजकुरात बदलून गिटहब अ‍ॅक्शन्ससारख्या बिल्ड सेवेच्या ‘सीक्रेट्स’मध्ये (गुपितांच्या कप्प्यात) ठेवतात. कीस्टोअर आणि पासवर्ड कोडसोबत रेपॉझिटरीत टाकणे ही घोडचूक आहे, कारण फाइल नंतर काढली तरी ती गिटच्या इतिहासात उरते. सेवेवर भरवसा ठेवण्यालाही मर्यादा आहेत. सर्कलसीआय या बिल्ड सेवेत घुसखोरी झाल्यावर जानेवारी 2023 मध्ये तिने सर्व ग्राहकांना साठवलेली गुपिते बदलायला सांगितले.

किल्ली सुरक्षित राहूनही घात होऊ शकतो. सप्टेंबर 2015 मध्ये उघडकीस आलेल्या ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरणात चीनमधल्या अनेक डेव्हलपरांनी अ‍ॅपलचे एक्सकोड (आयओएस अ‍ॅप बनवायचे साधन) अनधिकृत ठिकाणाहून उतरवून घेतले होते. त्या प्रतीने प्रत्येक अ‍ॅपमध्ये गुपचूप जादा कोड मिसळला. वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपची एक आवृत्तीही त्यात सापडली. सह्या अस्सल होत्या आणि ती अ‍ॅप अ‍ॅपलच्या स्टोअरच्या तपासणीतूनही पार झाली. यावरचा उपाय म्हणजे पुनरुत्पादनक्षम बिल्ड: त्याच कोडपासून दुसऱ्याने, दुसऱ्या यंत्रावर बिल्ड केला तरी सही वगळता फाइल तंतोतंत तीच निघाली पाहिजे. मुक्त (कोड सर्वांना खुला असलेल्या) अ‍ॅपचे भांडार असलेले एफ-ड्रॉइड एरवी स्वतःच्या किल्लीने सही करते, पण असा मेळ बसल्यास मूळ डेव्हलपरची सही असलेले एपीके वितरित करू शकते. आयओएसवर ही पडताळणी फार अवघड जाते, कारण स्टोअरमधून येणारे अ‍ॅप अ‍ॅपलने एन्क्रिप्ट केलेले असते.