सस्पेन्शनचा आवाज (मोटारगाडी)

चाकांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या यंत्रणेतला एखादा सांधा झिजला, रबर फाटले किंवा स्प्रिंग तुटली की खड्ड्यात, गतिरोधकावर अथवा वळणावर येणारा आवाज. कौटुंबिक वापराच्या छोट्या गाड्यांत तो बहुतेक वेळा पुढून येतो. गॅरेजात ‘खालून वाजतंय’ एवढीच तक्रार नोंदवली जाते आणि पहिला संशय शॉकअपवर (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलभरल्या नळीवर) घेतला जातो. तो बऱ्याचदा चुकीचा ठरतो. खराब झालेला शॉकअप तेल गाळतो, गाडीला झोके देतो. वाजतोही, पण त्याच्या आधी तपासावेत असे स्वस्त भाग पुष्कळ आहेत.

रचना : अशा गाड्यांच्या पुढच्या बाजूला सहसा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाची ही रचना १९५० साली फोर्डच्या ब्रिटनमधील कॉन्सल गाडीत आली. भारतात १९८३ पासून धावू लागलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही तीच होती. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेले असतात. खांबाच्या माथ्यावर रबरी माउंट (बैठक) व बेअरिंग, तर पायथ्याशी बॉल जॉइंटने (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्याने) जोडलेला लोअर आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, असतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा, म्हणजे स्टॅबिलायझर बार, असतो आणि अनेक गाड्यांत तो छोट्या लिंक रॉडने खांबाला अडकवलेला असतो.

निदान : आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हा प्रश्न अधिक उपयोगी. पत्र्यातून आणि सांगाड्यातून आवाज प्रवास करतो, त्यामुळे डावीकडचा दोष उजवीकडे ऐकू येणे नेहमीचेच.

हळू वेगात, खडबडीत रस्त्यावर बारीक टकटक येत असेल तर लिंक रॉड आधी पाहावा. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली की बारला पीळ बसत नाही आणि आवाज कमी होतो. एकच चाक खड्ड्यात गेले की वाढतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडण्याजोगा होता. गल्लोगल्लीचे अरुंद, उभ्या चढाचे उंचवटे त्यात बसत नाहीत, पण आवाज पारखायला तेच बरे. खात्री करायची तर दोन्ही लिंक सोडवून गाडी थोडे अंतर अगदी सावकाश चालवतात. आवाज बंद झाला तर दोष बार, त्याचे बुश (जोडावरचे रबरी अस्तर) किंवा लिंक यांतलाच.

गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग अडखळून ‘टण्’ करत असेल तर माउंटचे बेअरिंग जाम झालेले असते. एकाने स्टेअरिंग फिरवावे, दुसऱ्याने स्प्रिंगवर हलका हात ठेवावा. झटका बोटांना कळतो. ब्रेक मारताना किंवा गाडी सुटताना एकच ‘धप्प’ येत असेल तर लोअर आर्मचा बुश किंवा इंजिन माउंट. कोरडी कुरकुर बहुधा रबराची. त्यावर पाणी शिंपडून ती तात्पुरती थांबली की जागा सापडते. म्हणूनच काही गाड्या पावसाळ्यात गप्प असतात आणि उन्हाळ्यात कुरकुरतात.

सस्पेन्शनच्या नावावर खपणारे आवाजही बरेच. खडखड चालू असताना ब्रेकला हलका पाय लावताच ती थांबली तर सैल ब्रेक पॅड किंवा पॅड दाबणारा कॅलिपर पाहावा. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट आली तर ॲक्सलचा सांधा. सायलेन्सरचे तुटलेले रबर आणि डिकीत मोकळा पडलेला जॅक यांच्यापायी शॉकअप बदलले गेल्याचीही उदाहरणे आहेत.

रॅम्पवर तपासताना एक फसगत होते. एकच चाक वर उचलले तर बारचा पीळ लिंकला ताणून धरतो आणि तिच्यातली ढिलाई लपते. दोन्ही चाके टेकलेली किंवा दोन्ही लोंबती असावीत. उचललेले चाक वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट व चाकाच्या बेअरिंगची, आडवे धरून हलवल्यास टाय रॉड एंडची (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याची) ढिलाई कळते. बॉल जॉइंट सैल असेल तर गाडी चालवू नये; तो निसटला की चाक आडवे होते.

दुरुस्ती : लिंक रॉड बदलणे सोपे. स्ट्रट उघडणे मात्र घरचे काम नव्हे, कारण दाबलेली स्प्रिंग तिला दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरमधून सुटली तर जीवघेणी ठरते. शॉकअप एका ॲक्सलवर जोडीनेच बदलतात. साध्या रबरी बुशला खनिज तेलाचे ग्रीस लावू नये, रबर फुगते. लोअर आर्मचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर घेऊनच शेवटचे आवळावे लागतात. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नवा आर्म थोड्याच दिवसांत पुन्हा वाजू लागण्याचे हे एक नेहमीचे कारण. दोष मात्र सुट्या भागाच्या कंपनीला दिला जातो. स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून घ्यावी. नुसता लिंक रॉड बदलल्यास तिची गरज नसते, बिलात ती दिसली तरी.