वकिलांची फी : सातारा व सांगली जिल्हे

वकिलांची फी म्हणजे सल्ला, मसुदा, न्यायालयातील हजेरी, पुराव्याची तयारी आणि युक्तिवाद या कामांबद्दल पक्षकाराने वकिलास द्यावयाचा मोबदला. खाजगी पक्षकाराकडून तो किती घ्यावा याचे बंधनकारक दरपत्रक भारतात नाही. १९२६ च्या कायद्याने वकील व पक्षकार यांना आपसांत करार करून फी ठरवण्याची, आणि ती थकल्यास वकिलाला दावा लावण्याची मुभा दिली. मात्र फी घेणाऱ्या वकिलाला निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून त्याच कायद्याने मोकळे ठेवलेले नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या संस्थेने केलेले नियम, व्यवसायातील आपले स्थान आणि प्रकरणाचे स्वरूप यांना साजेशा फीवर वकिलाने काम स्वीकारावे, एवढेच सांगतात. त्यामुळे वाटपाच्या एकसारख्या दोन दाव्यांना साताऱ्यात एक आणि वडूज किंवा जत येथे दुसरी फी पडली, तर त्यात गैर काही नाही.

या दोन जिल्ह्यांत तासाच्या हिशेबाने फी घेण्याची रीत जवळजवळ नाही. जामीन, नोटीस, खरेदीखताचा मसुदा किंवा कर्जासाठी लागणारा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीच्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) अशा आटोपशीर कामाला उक्ती फी ठरते. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो, म्हणून त्याची फी बहुधा टप्प्यांनी घेतली जाते : वकीलपत्र देताना काही, दावा पुराव्याला लागला की काही आणि उरलेली युक्तिवादापूर्वी. काही ठिकाणी दर तारखेला ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आहे. ती पक्षकाराला सुरुवातीला हलकी वाटते, पण साक्षीदार न आल्याने किंवा न्यायाधीश रजेवर असल्याने पुढे गेलेली तारीखही त्यात मोजायची की नाही, हे आधी बोललेले नसते. बँका, पतसंस्था आणि साखर कारखाने आपल्या पॅनेलवरील वकिलांना दर प्रकरणामागे ठरलेली फी देतात. सांगलीच्या हळद पेठेतील आणि तासगावच्या बेदाणा व्यापारातील न वटलेल्या धनादेशांची प्रकरणेही साधारण उक्त्यानेच जातात. शेतकरी पक्षकाराशी मात्र पुष्कळदा ऊसबिलाच्या बोलीवर, म्हणजे उसाचे पैसे आले की फी द्यायची अशा बोलीवर, व्यवहार होतो आणि तो क्वचितच कागदावर येतो.

फी आणि खर्च या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि बहुतेक कुरबुरी त्या एकत्र केल्याने होतात. कोर्ट फी स्टॅम्प, समन्साचा खर्च, नकला, टायपिंग, मोजणीची रक्कम हा खर्च झाला. तो वकिलाचा मोबदला नव्हे. पक्षकाराकडून आलेला पैसा फीपोटी आहे की खर्चापोटी, हे हिशेबात वेगळे दाखवणे नियमांनी वकिलावर बंधनकारक केले आहे. तरीही साधी पोचपावती मागायला पक्षकार संकोचतो, कारण पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे अशी समजूत आहे. ती समजूत दोघांच्याही तोट्याची आहे.

निकालावर अवलंबून असलेली फी, किंवा मिळणाऱ्या रकमेतील टक्केवारी, भारतात निषिद्ध आहे. महामार्गावरील अपघाताची भरपाई आणि धरण-कालव्यांसाठी गेलेल्या जमिनींचा वाढीव मोबदला या प्रकरणांत टक्क्यांची भाषा सर्वाधिक ऐकू येते, कारण पक्षकाराच्या हाती आज काहीच नसते. तेलंगणातील एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१७ रोजी असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवला आणि अशा फीपोटी दिलेल्या धनादेशावरची फौजदारी तक्रार रद्द केली.

फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले. वकील बदलताना आधीच्या वकिलाची ना हरकत लागते. ती मिळाली नाही तर नव्या वकिलाला न्यायालयाची परवानगी मागता येते. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) जाण्याचा मार्ग मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाला.

दावा जिंकणाऱ्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च मिळू शकतो. परंतु हुकूमनाम्यासोबतच्या खर्चाच्या तक्त्यात वकील फी नियमांनुसार धरली जाते, आणि प्रत्यक्ष दिलेल्या फीच्या मानाने ती बहुधा नगण्य असते. म्हणून ‘खर्चासह मंजूर’ या शब्दांवर फारसे विसंबू नये.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आदींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करावा लागतो आणि वकिलाचा मोबदला प्राधिकरण देते.

अपिलाच्या खर्चाचे गणित अलीकडे बदलले आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापूर येथे सुरू झाले असून सातारा व सांगली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. सांगलीपासून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. त्यामुळे मुंबईचा प्रवास व मुक्काम हा भाग वगळला जातो आणि जिल्ह्यातील वकिलाला स्वतः अपील चालवणे सोपे होते.