उन्हाळ्यात हिवताप कुठे राहतो?

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांच्या जंगलात पहाटेपासून माणसांची वर्दळ असते. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्याच दिवसांचा असल्यामुळे घरातली जाणती माणसे, पोरे, म्हातारी सगळी पाने तोडायला जातात. ओढे या काळात आटलेले असतात, धानाच्या बांध्या भेगाळलेल्या असतात आणि डासांची संख्या वर्षातली सर्वांत कमी असते. हिवतापाचे रुग्णही थोडेच आढळतात. मग पाऊस लागतो, आणि काही आठवड्यांतच त्याच गावांमध्ये थंडी वाजून ताप आलेली मुले आरोग्य केंद्रात येऊ लागतात. डासाच्या मादीचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे असते आणि हिवतापाचा परजीवी माती-पाण्यात जगत नाही. असे असताना मार्च ते जून हे चार महिने तो कुठे राहतो? गडचिरोलीच्या माडिया गोंड वस्त्यांमधून हा आजार हटता हटत नाही, याचे बरेचसे कारण या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे मला वाटते.

आधी या आजाराचे ओझे कुणावर आहे ते पाहू. आदिवासी आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या आणि डॉ. अभय बंग अध्यक्ष असलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. देशाच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा ८.६ टक्के असला, तरी हिवतापाच्या रुग्णांमध्ये तो ३० टक्के, त्यातल्या घातक फाल्सिपेरम प्रकारात ६० टक्क्यांहून अधिक आणि हिवतापाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये जवळजवळ निम्मा आहे, असे त्या अहवालात नमूद केलेले आहे. मुंबईतही हिवताप असतो, पण तिथे प्रामुख्याने बांधकामांच्या आणि इमारतींच्या टाक्यांमध्ये वाढणारा डास तो पसरवतो आणि त्याच्या जोडीने सहसा कमी घातक असा व्हायवॅक्स परजीवी आढळतो. गडचिरोलीत डासही वेगळे आणि परजीवीही प्रामुख्याने वेगळा, म्हणून मुंबईतले उपाय तिथे तसेच्या तसे नेऊन उपयोग होत नाही.

फाल्सिपेरमचा परजीवी डासाच्या लाळेतून शरीरात शिरला की प्रथम यकृतात जातो. तिथे सुमारे आठवडाभरात एका पेशीत हजारोंच्या संख्येने वाढून तो रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींमध्ये घुसतो. दर ४८ तासांनी या पेशी फुटतात, नव्या पेशी बाधित होतात आणि रुग्णाला हुडहुडी भरते. शरीरातल्या जुन्या आणि बिघडलेल्या तांबड्या पेशी गाळून काढण्याचे काम प्लीहा, म्हणजे आपल्या बोलीतली पानथरी, करत असते. या गाळणीतून वाचण्यासाठी परजीवी बाधित पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन आणून बसवतो. त्यामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहते आणि पानथरीपर्यंत पोहोचतच नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्या अशा चिकटलेल्या पेशींनी तुंबल्या, की मुलाला झटके येतात आणि ते बेशुद्ध होते. गर्भवतीच्या बाबतीत या पेशी वारेत साचतात, आणि त्यामुळे आईला रक्तक्षय होतो व बाळ कमी वजनाचे जन्मते.

या चिकट प्रथिनासाठी परजीवीजवळ सुमारे ६० वेगवेगळी जनुके असतात. शरीराची प्रतिकारशक्ती एका रूपाला ओळखू लागली की तो दुसरे रूप धारण करतो. त्यामुळे एकदा हिवताप झाला म्हणजे पुन्हा होणार नाही, अशी खात्री कधीच मिळत नाही. मात्र वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागण होत राहिली, की शरीर यांतली बरीचशी रूपे ओळखू लागते. अशा प्रौढ माणसाच्या रक्तात परजीवी असतो, पण त्याची संख्या वाढत नाही आणि तापही येत नाही. तो जंगलात जातो, पाने तोडतो, ओझे वाहतो. आपल्याला काही झाले आहे, हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याला तसे वाटण्याचे कारणही नसते.

उन्हाळ्याच्या प्रश्नाचे उत्तर या माणसाच्या रक्तात सापडते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात कोरड्या ऋतूत गावकऱ्यांच्या रक्तातल्या परजीवींचा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की कोरड्या ऋतूतल्या बाधित पेशी रक्तवाहिन्यांना कमी चिकटतात आणि जास्त वेळ फिरत्या राहतात. परिणामी पानथरी त्यांतल्या पुष्कळशा गाळून टाकते. परजीवींची संख्या कमी राहते, ताप येत नाही, आणि तरीही पुढच्या पावसापर्यंत वंश टिकण्याइतके परजीवी उरतात. माली आणि गडचिरोली यांत अंतर पुष्कळ आहे, पण चार-सहा महिने डासांवाचून काढण्याची अडचण परजीवीपुढे दोन्हीकडे सारखीच असते. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकाराने तर त्यासाठी स्वतंत्र सोय केलेली आहे. त्याची काही रूपे यकृतात निद्रिस्त पडून राहतात आणि कित्येक महिन्यांनी जागी होऊन पुन्हा ताप आणतात.

हा सहवास किती जुना आहे, याची एक खूण माणसाच्याच रक्तात आहे. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांमध्ये, गोंडांमध्येही, सिकलसेलचे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. आई आणि वडील या दोघांकडूनही हे जनुक मिळालेल्या मुलाला वेदनादायी आणि दीर्घ आजार होतो. मात्र एकाच पालकाकडून ते मिळालेल्या मुलाचे गंभीर हिवतापापासून पुष्कळ संरक्षण होते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून मांडले आणि पुढे ते भक्कमपणे सिद्ध झाले. एखाद्या समाजात असे जनुक टिकून राहिले, तर त्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी हिवतापात आपली मुले गमावलेली आहेत, असा त्याचा अर्थ होतो. ‘आदिवासींना हिवताप सोसतो’ असे जे सहज म्हटले जाते, त्यामागे एवढी मोठी किंमत आहे.

पाऊस आला की या दडलेल्या परजीवीला वाहन मिळते. गडचिरोलीत मुख्यतः दोन जातींचे डास हिवताप पसरवतात. ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस हा धानाच्या बांध्यांत, नदीपात्रातल्या डबक्यांत आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याला माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक पसंत असते, पण पावसाळ्यात तो इतक्या प्रचंड संख्येने होतो, की त्यातले थोडे जरी माणसाकडे वळले तरी पुरे होतात. ॲनोफिलीस फ्लुव्हिॲटिलिस हा जंगलातल्या संथ वाहणाऱ्या, काठाला गवत असलेल्या ओढ्यांमध्ये वाढतो. पूर ओसरून ओढे निवळले की तो वाढीला लागतो आणि त्याचा जोर हिवाळ्यापर्यंत राहतो. या जातीच्या एका उपप्रकाराला तर माणसाचेच रक्त लागते, म्हणून संख्येने थोडा असूनही तो फार घातक ठरतो. एकाचा जोर ओसरेपर्यंत दुसऱ्याचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे इथला हिवताप पावसाळ्याबरोबर संपत नाही.

नेमक्या याच दिवसांत धान निसवून तयार होत असते आणि रानडुकरांपासून ते राखण्यासाठी माणसे रात्री शेतावर जागलीला जातात. घरात टांगलेली मच्छरदाणी तिथे कामाला येत नाही. भिंतींवर कीटकनाशक फवारले, तरी दिवाळीच्या सुमारास घर शेणामातीने सारवले जाते आणि फवारणीचा थर त्याखाली गाडला जातो. शिवाय क्युलिसिफेसीसने अनेक ठिकाणी डीडीटी आणि त्यानंतरची औषधेही पचवलेली आहेत. फवारणी आणि मच्छरदाण्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही, त्यांनी अनेक मुलांचे जीव वाचवले आहेत. पण ज्या घडीला डास चावतो, त्या घडीला माणूस भिंतीच्या आडोशाला असेलच असे नाही.

प्रसाराच्या गणितात उपचाराच्या अंतरालाही मोठे स्थान आहे, आणि ही बाब पुरेशी बोलली जात नाही. डासात जाऊ शकणारी परजीवीची नर आणि मादी रूपे रक्तात लगेच दिसत नाहीत. फाल्सिपेरममध्ये ती मुख्यतः हाडांच्या मगजात १० ते १२ दिवस पक्व होतात आणि मग रक्तात येतात. म्हणजे ताप आल्याबरोबर योग्य औषध मिळाले, तर रुग्ण बरा होतोच, पण बहुतेक वेळा तो इतरांना आजार देण्याच्या अवस्थेपर्यंत पोहोचतच नाही. पूर्वी रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन तालुक्याला जायचा आणि त्याचा निकाल गावात परत येईपर्यंत कित्येक दिवस जायचे. तेवढ्या काळात त्या घराभोवतीचे डास संसर्ग घेऊन मोकळे झालेले असत. आता आशा ताईंच्या पिशवीत पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारी चाचणी आणि आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्या असतात, हा बदल फार मोठा आहे. पण नाला भरला, की त्या गोळ्यांचा नवा साठा येत नाही आणि अत्यवस्थ रुग्णाला खाटेवर घालून चालत न्यावे लागते. अशा वेळी लोक गावातल्या पुजाऱ्याकडे गेले, की त्याला अंधश्रद्धा म्हटले जाते. मला ते अन्यायाचे वाटते. पुजारी हाकेच्या अंतरावर असतो आणि डॉक्टर नदीपलीकडे असतो, यावरून निवड ठरते.

मात्र औषध कितीही जवळ आले, तरी ताप नसलेला माणूस ते मागायला येणार नाही. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम गावांत घरोघरी जाऊन, ताप असो वा नसो, सर्वांची रक्ततपासणी आणि उपचार सुरू केले, आणि त्याच सुमारास कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या. त्या राज्यात २०१७ मध्ये हिवतापाचे सुमारे साडेतीन लाख रुग्ण नोंदले गेले होते, ते २०१८ मध्ये ६६ हजारांच्या आसपास आले. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या बस्तर विभागात २०२० च्या आरंभी अशीच मोहीम निघाली. तिच्यात बाधित आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कोणतेही लक्षण नव्हते. बस्तरमधले गोंड आणि इकडचे माडिया एकमेकांचे सगेसोयरे आहेत. लग्नकार्यासाठी आणि आठवडी बाजारासाठी ते इंद्रावती ओलांडून ये-जा करतात, आणि परजीवीही त्यांच्याबरोबर प्रवास करतो. म्हणून नदीच्या दोन्ही तीरांवर ही तपासणी एकाच सुमारास व्हायला हवी.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. झटपट चाचणीला परजीवी दिसायला रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात त्यांची संख्या शेकड्यांत असावी लागते, आणि उन्हाळ्यात पानथरीने गाळलेल्या रक्तात ती बहुधा त्याहून कमी असते. त्यामुळे एका फेरीत सगळे सापडणार नाहीत, फेऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतील. नर-मादी रूपांवर आर्टेमिसिनिनचा प्रभाव अपुरा पडतो, त्यासाठी प्रायमाक्वीनची जोड द्यावी लागते. फाल्सिपेरमसाठी त्याची एकच मात्रा असते, पण व्हायवॅक्सची यकृतातली निद्रिस्त रूपे मारायला तेच औषध १४ दिवस घ्यावे लागते. काही जणांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते आणि या औषधाने त्यांच्या पेशी फुटू शकतात, म्हणून लघवी गडद झाली तर गोळी थांबवून लगेच कळवा, हे प्रत्येक घरात त्यांच्या भाषेत, माडियात, समजावून सांगितले गेले पाहिजे.

तपासणीची जागाही विचार करून निवडली पाहिजे. दिवसा घरोघरी गेलेल्या पथकाला मे महिन्यात दारे बंद मिळतील. पण संध्याकाळी तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून द्यायला सगळे गाव एकत्र येते. नोंदवही तिथे असते आणि कोण कुठल्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, आले आहे, हे हिशेब ठेवणाऱ्या मुंशीला ठाऊक असते. पाऊस यायला अजून काही आठवडे असतात, डास जवळजवळ नसतात आणि परजीवी त्या रांगेत उभ्या असलेल्या धडधाकट माणसांच्या रक्तातच असतो.