सहा वाजले की आत्याला घरी जायचं असतं

संध्याकाळचे सहा वाजले की आत्या पिशवी भरायला घेते. एक लुगडं, कंगवा, पानाचा रिकामा डबा. "मले घरी जायचं आहे. माय वाट पाहून राहिली असन." ती बसलेली असते स्वतःच्याच घरात, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये. जायचं असतं नागपूरच्या महाल भागातल्या माहेरी, बडकस चौकाजवळ. तो वाडा कधीच पडला आणि तिची माय, म्हणजे माझी आजी, जाऊन चाळीस वर्षं झाली.

सुरुवातीला आम्ही तिला खरं काय ते सांगायचो. ती बातमी तिच्यासाठी दरवेळी नवीच असायची आणि ती नव्यानं रडायची. का रडतोय हे दहा मिनिटांत विसरायची, पण जीव मात्र जेवणापर्यंत कासावीस. हे असं का होतं, ते कळल्यावर आमचं वागणं बदललं.

आत्याला डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. नव्या घटना साठवून ठेवणं हे त्याचं काम. म्हणून सकाळचे पोहे आठवत नाहीत आणि लहानपणी वाड्याच्या ओट्यावरून पाहिलेली मारबतीची मिरवणूक आठवते. भावनांची खूण मात्र एकट्या हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर नसते. एदुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरनं १९११ साली एक प्रयोग नोंदवून ठेवला आहे. प्रयोग निर्दय खरा, पण विसरता येत नाही. स्मृती गेलेल्या एका बाईशी हात मिळवताना त्यानं बोटांत टाचणी लपवली. नंतर तिला टोचल्याचं काहीच आठवेना, तरी त्यानं हात पुढे करताच तिनं आपला मागे घेतला.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात बहुतेक तपशील पुसले गेले, मनात उठलेली भावना टिकून राहिली. ज्यांना कमी आठवत होतं, त्यांचं दुःख तर जास्त वेळ टिकलं.

म्हणून घरी येणाऱ्या पाहुण्यांना माझी कळकळीची विनंती असते: "ओळखलं का मले? सांगा बरं मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. उत्तर चुकल्याची लाज प्रश्न विसरल्यावरही मागे राहते. "आत्या, मी तुझा भाचा, आलो तुला भेटायला," एवढं म्हटलं की तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसतो. घरी जायचं म्हणाली तर आता आम्ही विचारतो, "माय काय रांधायची गं?" मग वांग्याची भाजी निघते, चुलीवरच्या भाकरी निघतात. पिशवी घेऊन आम्ही फाटकापर्यंत जातो आणि गप्पा मारत परत येतो.

ही ओढ नेमकी संध्याकाळीच का वाढते? दिवसभराचा थकवा असतोच. शिवाय दिवस-रात्रीचा ताल सांभाळणारं मेंदूतलं घड्याळ या आजारात बिघडतं आणि त्या घड्याळाला उजेड लागतो. आपल्या नागपुरात मे महिन्यात दहा वाजताच खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर सुरू. घरात दिवसभर अंधारच. उन्हापासून वाचायला ते हवंच, पण त्याची भरपाई म्हणून वहिनी तिला सकाळी सहाला खाली नेऊन बसवते आणि संध्याकाळी सावल्या पडायच्या आत दिवे लावते. झोपेत फरक पडला.

उन्हाळ्याची दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. वय झालं की तहान कमी लागते, आणि डिमेन्शियात लागलेली तहान सांगताही येत नाही. पारा ४५ अंशांवर असताना नुसतं "पाणी पी" म्हणून भागत नाही, पेला हातात द्यावा लागतो. पन्हं, ताक, टरबुजाची फोड, जे जाईल ते (मधुमेह असेल तर पन्ह्यातल्या गुळाकडे लक्ष). आणि माणूस एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळला, भलतंच बडबडू लागला किंवा गळून पडला, तर "आजार वाढला" म्हणून थांबू नका. डिमेन्शिया सहसा असा झपाट्यानं वाढत नाही. शरीरातलं पाणी कमी होणं, लघवीचा संसर्ग, नव्यानं सुरू झालेलं एखादं औषध, अशी कारणं असू शकतात आणि त्यांवर बहुतेकदा उपचार होतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो, तेव्हा न विचारता दुकानातून आणून देऊ नका.

विसरभोळेपणा नुकताच सुरू झाला असेल तर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनंही अशी लक्षणं दिसतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातही कुणीतरी असेलच.

आणि त्या घरात एक वहिनीही असेल. आमच्याकडे सगळे फोनवर सल्ले द्यायचे, रात्री तीनला उठायची ती एकटी. आता रविवारी चार ते आठ मी जाऊन बसतो. पहिल्या रविवारी ती कुठे गेली असेल? बहिणीकडे जाऊन झोपली, सलग तीन तास.

पिशवी आम्ही आता लपवत नाही. दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असते, लुगड्याची घडी घातलेली, आणि कंगवा वरच, तिच्या हाताला लागेल असा.